उपकरण-स्मृतीचे प्रतिचित्रण

संगणकाला जोडलेल्या एखाद्या उपकरणाची नियंत्रक रजिस्टरे किंवा त्याची अंगभूत स्मृती सामान्य आज्ञावलीच्या पत्त्यांच्या कक्षेत आणून ठेवणे आणि अशा रीतीने प्रचालन प्रणालीला दर वेळी मध्यस्थ न करता त्या आज्ञावलीस उपकरणाशी थेट व्यवहार करू देणे, या क्रियेस उपकरण-स्मृतीचे प्रतिचित्रण म्हणतात. कारखान्यांतील यंत्रांचे नियंत्रक, मोजमापाची साधने, मोटारगाड्यांतील नियंत्रक मंडले, भ्रमणध्वनी यांसारख्या यंत्रांत विशिष्ट कामासाठी कायम बसविलेल्या, म्हणजेच अंतःस्थापित संगणकांत या क्रियेचा उपयोग विशेष होतो. वरवर पाहता ही एक तांत्रिक सोय आहे. तथापि तिचा इतिहास हा संगणकातील अधिकारांच्या वाटणीचा इतिहास आहे. प्रचालन प्रणालीने उपकरणांभोवती कुंपण घालावे आणि पुढे तिनेच त्या कुंपणात दार पाडावे, असे गेल्या सुमारे पन्नास वर्षांत वारंवार घडत आले आहे. दार पाडणे प्रत्येक वेळी सोपे गेले. ते किती रुंद असावे आणि त्यातून आत जाणाऱ्याच्या कृत्यांना जबाबदार कोण, हे ठरविणे मात्र अवघड गेले.

उपकरणाचे रजिस्टर म्हणजे काही द्विमान अंक किंवा बिटे सामावणारा एक लहानसा कप्पा होय. साध्या स्मृतिस्थानाप्रमाणे तो दिसत असला, तरी त्याचे वर्तन वेगळे असते. स्मृतीत लिहिलेला अंक वाचला असता तोच परत मिळतो. रजिस्टरात लिहिलेला अंक मात्र आज्ञा असू शकतो व वाचलेला अंक त्या क्षणीची स्थिती असू शकतो. काही रजिस्टरे केवळ वाचली, तरी उपकरणाची स्थिती पालटते. अंतःस्थापित संगणकावर काम करणाऱ्याच्या बहुतेक अडचणींचे मूळ या एका फरकात आहे.

दुसरी गोष्ट पत्त्यांची. आधुनिक प्रोसेसरवर चालणारी आज्ञावली जे पत्ते वापरते ते आभासी असतात. प्रोसेसरमधील स्मृति-व्यवस्थापन एकक पानतक्त्यांच्या साहाय्याने त्यांचे भौतिक पत्त्यांत रूपांतर करते. हे तक्ते लिहिण्याचा अधिकार प्रचालन प्रणालीच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नेलकडे असतो. ज्या भौतिक पत्त्याची नोंद आपल्या तक्त्यात नाही, त्यापर्यंत आज्ञावली पोहोचूच शकत नाही. प्रतिचित्रण करावयाचे म्हणजे कर्नेलने या तक्त्यात उपकरणाच्या भौतिक पत्त्याची एक नोंद करून द्यावयाची, इतकेच. नोंद झाल्यानंतर कर्नेल त्या व्यवहारातून बाजूला होतो.

पूर्वपीठिका : प्रारंभीच्या बहुतेक संगणकांत आदान-प्रदानाच्या आज्ञा स्मृतीच्या आज्ञांहून वेगळ्या होत्या. अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन (डेक) या कंपनीच्या १९६५ सालच्या पीडीपी-८ या लघुसंगणकातही उपकरणांसाठी स्वतंत्र आज्ञा होती व तिच्यातच उपकरणाचा क्रमांक घातलेला असे. उपकरणे स्मृतीच्या पत्त्यांत बसविण्याची कल्पना त्याआधी इंग्लंडमध्ये अवतरली होती. मँचेस्टर विद्यापीठ व फेरांटी कंपनी यांनी बांधलेल्या आणि १९६२ च्या डिसेंबरमध्ये कार्यान्वित झालेल्या अ‍ॅटलस या संगणकात परिधीय उपकरणांच्या नियंत्रणाची रजिस्टरे ‘व्ही-स्टोअर’ या नावाच्या पत्त्यांच्या एका वेगळ्या पट्ट्यात ठेवलेली होती. याच संगणकात ५१२ शब्दांच्या पानांवर आधारलेली आभासी स्मृतीही प्रथम प्रत्यक्षात आली. व्ही-स्टोअरचे पत्ते सामान्य आज्ञावलीला वर्ज्य असून पर्यवेक्षक आज्ञावलीलाच ते वापरता येत. पत्त्यांत बसविलेली उपकरणे, आभासी स्मृती आणि त्या दोहोंमधील कुंपण या तिन्ही गोष्टी एकाच यंत्रात एकदमच आल्या, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

ही कल्पना सर्वत्र रूढ झाली ती डेक कंपनीच्याच पीडीपी-११ या १९७० सालच्या लघुसंगणकामुळे. गॉर्डन बेल व त्यांचे सहकारी यांनी या यंत्रात आदान-प्रदानाच्या वेगळ्या आज्ञा ठेवल्याच नाहीत. युनिबस नावाच्या एकाच वाहिनीवर प्रोसेसर, स्मृती व उपकरणे हारीने बसविली आणि पत्त्यांच्या कक्षेतील सर्वांत वरचे ८ किलोबाइट उपकरणांच्या रजिस्टरांसाठी राखून ठेवले. अष्टमान पद्धतीने १६०००० ते १७७७७७ या पट्ट्यास आदान-प्रदानाचे पान असे नाव पडले. दूरमुद्रकाच्या कळफलकाची स्थिती १७७५६० या पत्त्यावर वाचता येई व छापावयाचे अक्षर १७७५६६ या पत्त्यावर लिहिले म्हणजे छापले जाई. जी आज्ञा दोन संख्यांची बेरीज करते तीच आज्ञा उपकरणावरही चालते, यामुळे यंत्राची रचना सुटसुटीत झाली. उपकरणासाठी वेगळा आज्ञासंच शिकण्याचे कारण उरले नाही. त्याबरोबर दुसरेही एक फळ पदरी पडले. उपकरणांचे रक्षण हे आता स्मृतीच्या रक्षणाचेच एक प्रकरण झाले. स्मृतीला कुंपण नसेल, तर उपकरणालाही नाही.

युनिक्स आणि फिझ : न्यू जर्सीमधील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनी युनिक्स ही प्रचालन प्रणाली १९७१ मध्ये पीडीपी-११/२० वर आणली, तेव्हा त्या यंत्रात स्मृतिरक्षणाची सोय नव्हती. प्रयोगशाळेच्या एकस्व (पेटंट) विभागातील टंकलेखक त्याच यंत्रावर काम करीत. कोणतीही नवी आज्ञावली चालवून पाहणे म्हणजे सर्वांचे काम कोसळण्याचा धोका पत्करणे असे. म्हणून दर काही तासांनी टंकलिखित मजकूर चुंबकीय फितीवर उतरवून ठेवला जाई. पुढे पीडीपी-११/४५ या यंत्रात स्मृति-व्यवस्थापन एकक आले. त्याने आज्ञावलीच्या कक्षेचे प्रत्येकी जास्तीत जास्त ८ किलोबाइटांचे आठ खंड पाडले व प्रत्येक खंडाची लांबी ६४ बाइटांच्या पटीत ठरविता येऊ लागली. कुंपण उभे राहिले.

आणि लगेच दारेही आली. युनिक्समध्ये उपकरणे ही फाइलींच्या रूपाने दिसतात. या तत्त्वाला धरून संगणकाची सगळी स्मृतीच ‘/डेव्ह/मेम’ या नावाच्या एका विशेष फाइलीच्या रूपाने उपलब्ध करून देण्यात आली. फाइलीतील स्थान म्हणजे स्मृतीतील पत्ता. १९७९ सालच्या सातव्या आवृत्तीची माहितीपुस्तिका या संदर्भात मोठी उद्‍बोधक आहे. या मार्गाने उपकरणांची रजिस्टरे तपासू अथवा बदलू गेल्यास अनपेक्षित परिणाम होण्याचा संभव आहे, असा इशारा तीत दिला आहे. शिवाय पीडीपी-११ वर ही फाइल एका वेळी एकच बाइट वाचते व ही रीत काही उपकरणांच्या रजिस्टरांना मानवत नाही, हा दोषही प्रांजळपणे नोंदविला आहे. रजिस्टर व स्मृतिस्थान यांत भेद आहे, या वर सांगितलेल्या गोष्टीची ही जुनी लेखी नोंद होय.

त्याच आवृत्तीत ‘फिझ’ नावाचे एक प्रणाली-आवाहन होते. ते आज फारसे कोणाच्या स्मरणात नाही. परंतु प्रस्तुत विषयाचे खरे मूळ तेथे सापडते. आज्ञावलीने आपल्या आठ खंडांपैकी एकाचा क्रमांक, ६४ बाइटांच्या पटीतील लांबी व भौतिक पत्ता अशा तीन गोष्टी द्यावयाच्या. की त्या खंडातून तो भौतिक पत्ता दिसू लागे. पुस्तिकेतील उदाहरण दूरमुद्रकाच्या रजिस्टरांचेच आहे. हे आवाहन सर्वाधिकारी उपयोक्त्यालाच करता येई. ते यंत्रविशिष्ट व अतिशय धोकादायक आहे आणि प्रणालीचा कायमचा भाग मानले जाणार नाही, असेही पुस्तिकेने बजावले होते. पहिली दोन विधाने आजही तंतोतंत खरी आहेत. तिसरे शब्दशः खरे ठरले. फिझ हे नाव लुप्त झाले, पण त्याचे काम मात्र दुसऱ्या नावाने टिकून राहिले.

सूक्ष्मप्रक्रियकांचे युग : १९७४ मध्ये दोन सूक्ष्मप्रक्रियक बाजारात आले व त्यांनी दोन वाटा पाडल्या. इंटेलच्या ८०८० मध्ये उपकरणांसाठी २५६ द्वारांची वेगळी कक्षा व वेगळ्या आज्ञा होत्या. मोटोरोलाच्या ६८०० ने पीडीपी-११ चा कित्ता गिरवून उपकरणे स्मृतीच्या पत्त्यांतच बसविली. मॉस टेक्नॉलॉजीचा ६५०२ हाही याच दुसऱ्या वाटेचा. त्यावर आधारलेल्या अ‍ॅपल-२ या १९७७ सालच्या संगणकात षोडशमान पद्धतीने सी०३० हा पत्ता ध्वनिक्षेपकाला जोडलेला होता. तो पत्ता नुसता वाचला, तरी ध्वनिक्षेपकाचा पडदा एकदा हलून ‘टिक्’ असा आवाज होई. बेसिक भाषेत ‘पीक’ हा शब्द वापरून घरोघरी मुलांनी हे करून पाहिले. वाचण्याने परिणाम घडतो, याचे इतके सोपे प्रात्यक्षिक दुसरे नसेल. या घरगुती संगणकांत कुंपणच नसल्यामुळे दाराचा प्रश्न उद्‍भवत नव्हता. एका पिढीला उपकरणाला हात घालण्याची जी सवय लागली ती येथे. पुढे कर्नेलने आडकाठी केली तेव्हा तिला ती जाचक वाटली, यात नवल नाही.

१९८५ मध्ये केंब्रिज येथील एकॉर्न कंपनीत पहिला आर्म प्रोसेसर तयार झाला. त्यातही आदान-प्रदानाच्या वेगळ्या आज्ञा नाहीत. पुढे अंतःस्थापित क्षेत्र बव्हंशी आर्मच्या ताब्यात गेल्याने त्या क्षेत्रात उपकरण म्हणजे पत्ता हेच समीकरण स्थिर झाले.

एममॅप : मोठ्या यंत्रांच्या बाजूला कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील गटाने १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीसाठी ‘एममॅप’ या आवाहनाचा आराखडा मांडला. फाइल किंवा उपकरण आपल्या पत्त्यांच्या कक्षेत जोडून घेण्याचा तो एक सर्वसाधारण मार्ग होता. त्या आवृत्तीत तो कागदावरच राहिला. गरज भासली ती चित्रमय पडदा असलेल्या कार्यस्थानकांना. पडद्यावरील प्रत्येक ठिपका बदलण्यासाठी कर्नेलचे दार ठोठावणे परवडण्यासारखे नव्हते. सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने म्हणून पडद्याची स्मृती थेट आज्ञावलीच्या कक्षेत जोडण्यासाठी एममॅप वापरात आणले आणि १९८८ च्या सनओएस ४.० मध्ये संपूर्ण स्मृति-व्यवस्थाच या कल्पनेभोवती नव्याने रचली. १९९३ मध्ये पॉझिक्स या मानकाच्या वास्तव काल विस्तारात एममॅपला स्थान मिळाले. मानकाने आवाहनाचे रूप निश्चित केले. त्यातून उपकरण जोडल्यावर काय घडावे, हे मात्र प्रत्येक प्रणालीवर सोडून दिले.

अंतःस्थापित क्षेत्र या घडामोडींपासून बराच काळ अलिप्त होते. १९८१ मध्ये पुढे आलेल्या व्हीएमई वाहिनीवरील औद्योगिक यंत्रांत व व्हीएक्सवर्क्ससारख्या वास्तव काल प्रणालींत सर्व कार्ये एकाच सामाईक कक्षेत चालत. तेथे कर्नेल व उपयोक्ता असा भेद नव्हता व कोणतेही कार्य कोणत्याही रजिस्टराला हात लावू शके. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस स्वस्त प्रोसेसरांतही स्मृति-व्यवस्थापन एकक येऊ लागले व लिनक्स ही प्रणाली या क्षेत्रात शिरली, तेव्हा परिस्थिती पालटली. ज्या अभियंत्यांची आज्ञावली काल रजिस्टरात थेट लिहीत होती, त्यांना आज ड्रायव्हर लिहावा लागणार होता. ड्रायव्हर हा कर्नेलचा भाग असतो. त्यातील एका चुकीने सारे यंत्र थांबते, त्याचा शोध घेणे कष्टाचे असते व कर्नेलची आवृत्ती बदलली की तोही बदलावा लागतो. कर्नेलच्या परवान्यानुसार त्याचा मूलस्रोत उघड करण्याचा प्रश्नही उभा राही व अनेक उत्पादकांना तो अडचणीचा वाटे. तेव्हा /डेव्ह/मेम उघडावयाची, एममॅपने हवा तो पत्ता जोडावयाचा व पूर्वीचीच आज्ञावली चालवावयाची, हा मार्ग सर्रास रूढ झाला. तो मार्ग शास्त्रशुद्ध नव्हता हे खरे, परंतु एखादे मंडल पहिल्यांदा जिवंत करून पाहण्यासाठी त्याच्याइतका उपयुक्त मार्ग दुसरा नाही, हेही तितकेच खरे. मोठ्या लिनक्स संगणकांवरील पडद्याची सर्व्हर आज्ञावलीही दीर्घकाळ याच मार्गाने, सर्वाधिकारी उपयोक्त्याच्या नावे चालत असे; २००९ मध्ये पडद्याची मांडणी कर्नेलने आपल्याकडे घेण्यास प्रारंभ केल्यानंतर ही प्रथा ओसरत गेली.

अडचणी : तक्त्यात नोंद झाली म्हणजे काम झाले, असे होत नाही. प्रोसेसर वेग वाढविण्यासाठी स्मृतीतील मजकुराची प्रत कॅश या शीघ्र स्मृतीत ठेवतो. रजिस्टराची अशी प्रत ठेवली, तर आज्ञावली जुनीच स्थिती पुनःपुन्हा वाचीत राहील. म्हणून जोडलेल्या पानावर ‘प्रत ठेवू नये’ अशी खूण असावी लागते. आर्मच्या सहाव्या आवृत्तीच्या रचनेत यासाठी सामान्य, उपकरण व कठोर क्रमबद्ध असे स्मृतीचे प्रकारच पाडले गेले. कंपायलरही अडथळा आणतो. एकाच स्थानावर लागोपाठ दोनदा लिहिलेले पाहून तो पहिले लिहिणे निरर्थक ठरवितो व गाळतो. सी भाषेच्या १९८९ च्या मानकातील ‘व्होलाटाइल’ हा शब्द यासाठीच आहे. काही वाहिन्यांवर लिहिलेला अंक वाटेतच थोडा वेळ थबकतो. तो पोहोचला याची खात्री करण्यासाठी त्याच उपकरणातील एखादे रजिस्टर परत वाचावे लागते. या साऱ्या गोष्टी ड्रायव्हर लिहिणाऱ्याला अंगवळणी पडलेल्या असतात, कारण कर्नेलने त्यांसाठी तयार साधने दिलेली असतात. उपयोक्ता क्षेत्रात आलेल्याला त्या एकेक करून, बहुधा यंत्र बिघडल्यावरच, समजतात.

याहून कठीण प्रश्न दाराच्या रुंदीचा आहे. पानतक्त्यातील नोंद एका पानाची असते. त्याहून लहान तुकडा तोडून देता येत नाही. पीडीपी-११ वर हा तुकडा ६४ बाइटांचा होता. आजच्या बहुतेक प्रोसेसरांवर सर्वांत लहान पान ४,०९६ बाइटांचे असते, तर ६४ बिटी आर्मवर ते १६,३८४ किंवा ६५,५३६ बाइटांचेही ठरविता येते. यंत्रे सुधारली, पण या एका बाबतीत चाळणीची छिद्रे मोठीच होत गेली. चिपची आखणी करणाऱ्याने एकाच पानात दोन उपकरणे बसविली असतील, तर एकाची परवानगी देताना दुसऱ्याचीही दिली जाते. यावर प्रचालन प्रणालीला उपाय नाही. तो चिप आखणाऱ्याच्याच हाती आहे, व प्रत्येकाने तो केलेला नाही.

एका चिपवर सामावलेल्या प्रणालींत आणखी एक विशेष धोका आढळतो. वीज वाचविण्यासाठी न लागणाऱ्या उपकरणांचे स्पंद बंद ठेवलेले असतात. अशा निद्रिस्त उपकरणाचा पत्ता वाचू गेल्यास काही यंत्रांवर आज्ञावली बंद पडते, तर काहींवर वाहिनी उत्तराची वाट पाहत राहून सगळा प्रोसेसरच गोठतो. झायलिंक्स कंपनीने २०११ मध्ये जाहीर केलेल्या झिंक या चिपमध्ये आर्म प्रोसेसर व रचना बदलता येणारे तर्कमंडल एकत्र आहेत. तर्कमंडलात घडविलेल्या उपकरणांना षोडशमान ४००००००० पासूनचे पत्ते मिळतात. तेथे उत्तर देणारे उपकरणच रचले नसेल, तर एका साध्या वाचनाने यंत्र गोठू शकते. उपयोक्ता क्षेत्रातील चूक तेवढ्या आज्ञावलीपुरती मर्यादित राहते, या आश्वासनावर साऱ्या कुंपणाची भिस्त असते. प्रतिचित्रण केल्यावर ते आश्वासन पाळता येईलच असे नाही.

व्यत्यय आणि यूआयओ : उपकरणाला लक्ष वेधून घ्यावयाचे असते तेव्हा ते प्रोसेसरला व्यत्ययसंकेत देते. हा संकेत प्रोसेसरच्या विशेषाधिकाराच्या अवस्थेतच स्वीकारला जातो व त्याचे निराकरण होईपर्यंत पुष्कळ उपकरणे तो धरून ठेवतात. सामान्य आज्ञावलीला पाळी येईपर्यंत थांबावे लागते. तेवढ्यात तोच संकेत पुनःपुन्हा येऊन प्रोसेसरला दुसरे काही करू देणार नाही. /डेव्ह/मेमच्या मार्गाने जाणाऱ्यांना म्हणून रजिस्टर सतत तपासत बसण्यावाचून गत्यंतर नव्हते.

ही कोंडी फोडली ती यूआयओ या व्यवस्थेने. हान्स-युर्गेन कॉख यांनी, टोमास ग्लाइक्सनर व ग्रेग क्रोआ-हार्टमन यांच्या सहभागाने तयार केलेली ही व्यवस्था ऑक्टोबर २००७ मधील लिनक्स २.६.२३ मध्ये समाविष्ट झाली. तिची दृष्टी औद्योगिक आदान-प्रदानाच्या पत्रांवर होती व हिल्शर कंपनीचे क्षेत्रवाहिनीचे पत्र हे तिच्या आरंभीच्या लाभार्थींपैकी एक होय. तीत ड्रायव्हरचे दोन भाग पडतात. कर्नेलमधील भाग अगदी लहान असतो. त्याने उपकरणाचा पत्ता व लांबी जाहीर करावयाची आणि संकेत आला की उपकरणाला गप्प करावयाचे. उरलेले सारे काम उपयोक्ता क्षेत्रात होते. आज्ञावली ‘/डेव्ह/यूआयओ०’ ही फाइल वाचू जाते व संकेत येईपर्यंत तेथेच थांबते. वाचनातून आजवर आलेल्या संकेतांची संख्या मिळते. ती एकाहून अधिकाने वाढलेली दिसली, तर मधले संकेत निसटले असे समजावे. एममॅपला देण्याच्या स्थानाचा अर्थ येथे भौतिक पत्ता असा नसून जाहीर केलेल्या पट्ट्यांपैकी कितवा, एवढाच असतो. हा बदल लहान दिसतो, पण या साऱ्या इतिहासात तो फार महत्त्वाचा आहे. /डेव्ह/मेममध्ये आज्ञावली पत्ता सांगत असे व कर्नेल मान डोलवीत असे. येथे पत्ता कर्नेलकडेच राहतो व आज्ञावलीने केवळ उपकरणाचे नाव घ्यावयाचे असते. मागणारा आणि ठरविणारा हे पुन्हा वेगळे झाले.

तथापि एक मोठी उणीव राहिली. पुष्कळशी उपकरणे प्रोसेसरला बाजूस ठेवून स्मृतीशी स्वतःच देवाणघेवाण करतात. यास थेट स्मृति-अभिगम म्हणतात. कोठून उचलावे व कोठे ठेवावे हे उपकरणाच्या रजिस्टरात भौतिक पत्त्याच्या रूपाने लिहावे लागते. प्रोसेसरच्या पानतक्त्यांची सत्ता प्रोसेसरच्या वाटेवरच चालते. उपकरणाची वाट त्यांच्या बाहेरून जाते. तेव्हा अशा उपकरणाची काही रजिस्टरे ज्याच्या हाती दिली, त्याच्या हाती सगळी स्मृती दिल्यासारखेच होते. कर्नेलची स्मृतीही त्यात आली. पानाच्या खुणा, परवानग्या, फाइलीवरील अधिकार यांपैकी कशाचाही तेथे उपयोग नाही. यावरचा उपाय म्हणजे उपकरणांच्या वाटेवरही एक स्मृति-व्यवस्थापन एकक बसविणे व उपकरणांनाही आभासी पत्तेच देणे. अशी एकके सर्वसामान्य यंत्रांत पसरल्यानंतर अ‍ॅलेक्स विल्यमसन यांची व्हीएफआयओ ही व्यवस्था २०१२ मध्ये लिनक्स ३.६ मध्ये आली. तीत रजिस्टरे, व्यत्यय व थेट अभिगम या तिन्ही गोष्टी उपयोक्ता क्षेत्राला मर्यादेत ठेवून देता येतात. अंतःस्थापित क्षेत्रातील स्वस्त चिपमध्ये मात्र असे एकक पुष्कळदा नसते.

बेफिकिरीने ठेवलेल्या दाराचे एक बोलके उदाहरण त्याच वर्षी उघडकीस आले. सॅमसंग कंपनीच्या एक्सिनॉस ४२१० व ४४१२ या चिपवर आधारलेल्या भ्रमणध्वनींत, ज्यांत गॅलेक्सी एस २ व एस ३ यांचाही समावेश होता, ‘/डेव्ह/एक्सिनॉस-मेम’ नावाची एक उपकरण-फाइल होती. एममॅपने तिच्यातून संपूर्ण भौतिक स्मृती जोडून घेता येत असे आणि ती वाचण्या-लिहिण्याची मुभा प्रत्येक आज्ञावलीला होती. बाहेरून उतरवून घेतलेला एखादा खेळही कर्नेलची स्मृती बदलून सर्वाधिकार मिळवू शके. डिसेंबर २०१२ मध्ये हे जाहीर झाले व नंतर कंपनीने दुरुस्ती प्रसृत केली. येथे /डेव्ह/मेमचीच क्षमता होती. तिच्यावर १९७९ पासून असलेली सर्वाधिकाऱ्याची अट मात्र गळून पडली होती.

खुद्द /डेव्ह/मेमची रुंदीही क्रमाक्रमाने कमी केली गेली. २००८ मध्ये एक पर्याय आला व त्यामुळे तिच्यातून उपकरणांचे पत्ते दिसत, पण मुख्य स्मृती दिसेनाशी झाली. २०१६ मध्ये ज्या उपकरणावर कर्नेलमधील ड्रायव्हरने हक्क सांगितला आहे ते वगळण्याची सोय झाली. २०१९ च्या लिनक्स ५.४ मधील ‘लॉकडाउन’ अवस्थेत तर ही वाट सर्वाधिकाऱ्यालाही बंद होते. हे सर्व पर्याय आहेत, सक्ती नव्हे. अंतःस्थापित यंत्र बांधणारा त्यांपैकी कोणते स्वीकारतो, यावर त्या यंत्राची सुरक्षितता अवलंबून असते.

सूक्ष्म कर्नेल : एका विचारसरणीने हा प्रश्न मुळातच उलटा मांडला. ड्रायव्हर कर्नेलमध्ये असावाच कशाला, असे तिचे म्हणणे. कॅनडातील क्यूएनएक्स ही प्रणाली १९८० नंतरच्या दशकापासून या तत्त्वावर चालत आली. (तिच्या दोन संस्थापकांपैकी एकाचे नाव गॉर्डन बेल असे असले, तरी पीडीपी-११ चे बेल ते वेगळे.) तीत सर्व ड्रायव्हर सामान्य आज्ञावलींप्रमाणेच असतात व उपकरणाची स्मृती जोडून घेणे हा त्यांचा नित्याचा मार्ग होय. जर्मनीतील योखेन लीट्के यांनी एल-४ या आपल्या कर्नेलच्या आधारे १९९५ मध्ये असे दाखविले की, पाने जोडून देणे, सोपवून देणे व काढून घेणे अशा तीन क्रिया कर्नेलने पुरविल्या, तर स्मृतीचे सर्व व्यवस्थापन बाहेर करता येते व पत्त्यांत बसविलेली उपकरणेही त्याच चौकटीत आपोआप सामावतात. या परंपरेतील एसईएल-४ या ऑस्ट्रेलियात विकसित झालेल्या कर्नेलचा आज्ञास्रोत त्याच्या आराखड्याबरहुकूम आहे, याची गणिती सिद्धता २००९ मध्ये देण्यात आली. लिनक्सच्या जगात जो अपवाद मानला गेला तो येथे नियम आहे. थेट अभिगमाचा प्रश्न मात्र याही परंपरेला सुटलेला नाही. उपकरणाच्या वाटेवर एकक नसेल, तर ड्रायव्हरवर विश्वास ठेवावाच लागतो.

रास्पबेरी पाय : या विषयाची ओळख सर्वांत अधिक लोकांना करून दिली ती ब्रिटनमध्ये शिक्षणासाठी तयार झालेल्या व फेब्रुवारी २०१२ मध्ये विक्रीस आलेल्या रास्पबेरी पाय या एका मंडलावरच्या संगणकाने. त्यातील ब्रॉडकॉमच्या बीसीएम२८३५ या चिपला ५४ सर्वसाधारण आदान-प्रदान रेषा आहेत. त्यांच्या रजिस्टरांचा पत्ता निर्मात्याच्या माहितीपत्रात षोडशमान ७ई२००००० असा दिला आहे. तो वाहिनीवरचा पत्ता होय. आर्म प्रोसेसरला तेच रजिस्टर २०२००००० या भौतिक पत्त्यावर दिसते आणि एममॅपनंतर आज्ञावलीला ते तिसऱ्याच एखाद्या आभासी पत्त्यावर दिसते. एकाच कप्प्याची ही तीन नावे कळेपर्यंत नवशिक्याची आज्ञावली चालत नाही.

रेषेची पातळी उंचावण्याचे व खाली आणण्याचे अशी दोन निरनिराळी रजिस्टरे या चिपमध्ये आहेत. त्यांत ज्या बिटाच्या जागी १ लिहावा तेवढ्याच रेषेवर परिणाम होतो व ० लिहिलेल्या रेषा जशाच्या तशा राहतात. त्यामुळे दोन आज्ञावलींनी एकाच वेळी वेगवेगळ्या रेषा हलविल्या, तरी त्या एकमेकींच्या आड येत नाहीत. परंतु रेषा आदानाची की प्रदानाची हे ठरविणाऱ्या रजिस्टरात दहा रेषांची प्रत्येकी तीन बिटे एकत्र असतात. येथे जुना अंक वाचून, त्यात फेरफार करून परत लिहावा लागतो; दरम्यान दुसऱ्या आज्ञावलीने केलेला बदल पुसला जातो. कर्नेलमधील ड्रायव्हर अशा वेळी कुलूप लावून ठेवतो. उपयोक्ता क्षेत्रातील दोन अनोळखी आज्ञावलींमध्ये कुलूप कोणी लावावे, याला उत्तर नाही.

पत्ता आज्ञावलीतच कोरून ठेवण्याचे परिणाम लवकरच दिसले. फेब्रुवारी २०१५ मध्ये आलेल्या पाय २ मध्ये उपकरणांचा पट्टा ३एफ०००००० येथे सरकला आणि २०१९ च्या पाय ४ मध्ये तो एफई०००००० येथे गेला. दोन्ही वेळा जुना पत्ता धरून बसलेल्या आज्ञावली निकामी झाल्या व कर्नेलने प्रसिद्ध केलेल्या उपकरणवृक्षातून पत्ता शोधून काढण्याची रीत मग रूढ झाली. २०१५ मध्येच ‘/डेव्ह/जीपीआयओमेम’ ही फाइल आली. तिच्यातून या रेषांच्या रजिस्टरांचेच पान तेवढे जोडता येते व त्यासाठी सर्वाधिकारी असावे लागत नाही. रेषांचे हे पान स्वतंत्र असल्यामुळेच ही सोय करता आली. याच्या पुढच्याच वर्षी, लिनक्स ४.८ मध्ये, रेषांचा व्यवहार कर्नेलच्या मध्यस्थीने करणारी एक नवी फाइल-पद्धती आली. तीत वेग थोडा कमी मिळतो, परंतु रेषा कोणी घेतली आहे हे कर्नेलला ठाऊक असते. २०२३ च्या पाय ५ मध्ये या रेषा मुख्य चिपमधून निघून आरपी१ नावाच्या वेगळ्या चिपकडे गेल्या व त्यांच्या रजिस्टरांची मांडणीही पालटली. पत्ता शोधून काढणाऱ्या आज्ञावलींनाही या वेळी काही करता आले नाही. नव्या फाइल-पद्धतीने चालणाऱ्या आज्ञावलींना मात्र रेषांची फाइल योग्य ती निवडण्यापलीकडे फारसा बदल करावा लागला नाही.